शेवंती, सुधामती, माई

सांगलीला नाट्यपंढरी म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि ती निराधार नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते येथे. 'शारदा'कार देवल शेजारच्या हरिपूरचे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा जन्म सांगलीचा. विश्रामबागेत राहून मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा वारसा आयता मिळतो. वर्गात नुसती नावे घेतली तरी मुले माना डोलावतात. ही सगळी नावे पुरुषांची आहेत, हे मात्र आमच्या ध्यानात यायला बरीच वर्षे आणि एक विद्यार्थिनी लागली.

प्रसंग साधा आहे. संगीत नाटकाचा उत्तरकाळ शिकवताना बळवंत संगीत मंडळी आणि मास्टर दीनानाथ यांच्याविषयी बोलणे चालले होते. दीनानाथांची मुले कोण, हे कोणाला सांगावे लागत नाही. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, लताबाईंच्या आईचे नाव काय?" आम्ही म्हणालो, "माई." ती म्हणाली, "सर, ते घरातले बोलावणे झाले. नाव काय?" त्या तासाला आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढे पुस्तके चाळली तेव्हा एकाऐवजी दोन नावे हाती आली, आणि त्या दोन नावांच्या मधल्या जागेतच सांगण्यासारखे बरेच काही आहे असे वाटले. हा लेख त्या विद्यार्थिनीला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

माहेरचे नाव शेवंती. तापीच्या काठी, आजच्या धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात थाळनेर नावाचे गाव आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याचा एका ओळीत उल्लेख येतो. तेथील शेठ हरिदास रामदास लाड हे सधन गुजराती व्यापारी. शेवंती त्यांची मुलगी. तापीखोऱ्यात व्यापाराच्या निमित्ताने स्थिरावलेली गुजराती घराणी कित्येक आहेत. बाहेर बाजारात मराठी किंवा अहिराणी, घरात गुजराती, आणि नवरात्रात गरबा, असे त्यांचे दुहेरी जगणे. असल्या घरातील मुलगी गोव्याहून आलेल्या एका मराठी गायक नटाच्या संसारात कशी आली, याचे कारण तिची बहीण.

दीनानाथांचे पहिले लग्न १९२२ साली शेवंतीच्या बहिणीशी, नर्मदेशी झाले. लग्नानंतर तिचे नाव श्रीमती ठेवले. त्यांना लतिका नावाची मुलगी झाली आणि ती तान्हेपणीच गेली. थोड्याच काळात नर्मदाही गेली. पुढे १९२७ साली दीनानाथांनी शेवंतीशी लग्न केले. लग्न तिच्या माहेरी झाले आणि तिचे नाव सुधामती ठेवण्यात आले. त्या काळी पत्नी वारल्यावर मेहुणीशी लग्न करणे नवलाचे नव्हते. घरे एकमेकांना ठाऊक असत, देण्याघेण्याचे प्रश्न मिटलेले असत, आणि पहिलीचे मूल असलेच तर मावशीची आई होणे सोपे जाई. येथे मूल उरले नव्हते. बहिणीची रिकामी जागा तेवढी होती.

आमचे मन या ठिकाणी अडखळते. रामाजोशीबुवांच्या लावण्यांपासून ग्रामीण कादंबरीपर्यंत सवतीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण गेलेल्या बहिणीच्या घरात उभे राहणाऱ्या बहिणीवर फारसे लिहिलेले आम्हांला आठवत नाही. १९२९ च्या सप्टेंबरात इंदूरला सुधामतीला पहिली मुलगी झाली. तिचे नाव हेमा. ते मागे पडले आणि लता हे नाव रूढ झाले. त्याची संगती नेहमी अशी सांगितली जाते, की राम गणेश गडकऱ्यांच्या 'भावबंधना'त दीनानाथ लतिकेची भूमिका करीत, त्या लतिकेवरून लता. ही संगती खरीच आहे. पण नर्मदेच्या मुलीचे नावही लतिकाच होते. म्हणजे रंगभूमीवरची लतिका, पाळण्यातून गेलेली लतिका आणि ही लता, असे ते नाव तीनदा फिरले. चरित्रकारांना त्यातली रंगभूमीवरची लतिका दिसते. घरातल्या बाईला त्या हाकेत काय ऐकू येत असेल? ज्या भाचीची ती मावशी होती, तिचेच नाव आता पोटच्या मुलीला. हे आमचे अनुमान आहे, आणि ते अनुमान म्हणूनच वाचावे.

आता आडनावाकडे. मंगेशकर हे आडनावही कोणा पूर्वजाकडून चालत आलेले नाही. दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यात मंगेशीला झाला. वडील गणेशभट्ट हे मंगेशाच्या देवळातील पुजारी, अभिषेक करणारे म्हणून अभिषेकी. आई येसूबाई गाणाऱ्या, देवळाच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या कलावंत समाजातील. त्या समाजातील मुलाला बापाचे आडनाव मिळत नसे. मूल आईचे असे. राजाराम पैंगीणकरांनी आपल्या आत्मकथेला 'मी कोण?' हे शीर्षक दिले, त्यात या प्रश्नाची सगळी धग आहे. दीनानाथांनी त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते गावाच्या नावाने दिले. म्हणजे ज्या आडनावाला आज आपण घराणे म्हणतो, ते मुळात एका आईच्या गावाचे नाव आहे. याच मंगेशीतून पुढे जितेंद्र अभिषेकी आले. एका देवळाभोवतीची ही दोन आडनावे शेजारी ठेवून पाहिली, तरी आपल्या समाजरचनेवरचा एक धडा त्यात मिळतो.

गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. तेथून इकडे येणे हे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येणे होते. मुलगा आधी किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर त्याने बळवंत संगीत मंडळी काढली. तेव्हा तो अठराही पुरा झालेला नव्हता. गडकऱ्यांची नाटके, वीर वामनराव जोश्यांचे 'रणदुंदुभि', सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' ही बळवंतची नाटके साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. परिचित नसते ते कंपनीचे बिऱ्हाड. आज एका गावी मुक्काम, महिन्याने दुसऱ्या. पडदे, पेट्या, तबले, आचारी, पोरेटोरे, कंत्राटदाराचे तगादे, आणि शंभर माणसांची पंगत. चिंतामणरावांनी 'बहुरूपी'त या जीवनाचे अप्रतिम चित्र काढले आहे (त्या पुस्तकाला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता). पण अशा आत्मचरित्रांत बायका येतात त्या बहुधा आजारपणात, बाळंतपणात किंवा दागिना गहाण पडतो त्या पानावर. येसूबाई आणि सुधामती, एक पोर्तुगीज मुलखातून आलेली, एक गुजराती घरातून, दोघींनी मिळून जे मराठी घर उभे केले ते या पुस्तकांच्या समासात उरले.

सुधामतीच्या संसाराचे वेळापत्रक मांडून पाहावे. १९२९ लता, १९३१ मीना, १९३३ आशा, १९३५ उषा, १९३७ हृदयनाथ. आठ वर्षांत पाच मुले. आता शेजारी दुसरे वेळापत्रक ठेवावे. मार्च १९३१ मध्ये 'आलम आरा', म्हणजे बोलपट आला. १९३२ साली 'अयोध्येचा राजा', म्हणजे मराठी बोलपट आला. नाटकाच्या तिकिटाहून स्वस्तात, रोज तीन खेळ, गायकाला घसा बसण्याची भीती नाही आणि कंपनीला शंभर पानांची पंगत नाही. नाटक कंपन्या एकेक करून बसू लागल्या. बळवंतने बोलपटाला बोलपटानेच उत्तर द्यायचे ठरवून सांगलीत बळवंत पिक्चर्स काढली. १९३४ चे 'कृष्णार्जुन युद्ध' हे तिचे चित्र, आणि त्याच्या दिग्दर्शनात चिंतामणरावांबरोबर विश्राम बेडेकर होते. 'रणांगण'चा कर्ता चित्रपटाच्या धंद्यात शिरला तो असा. धंदा मात्र बुडाला. नाटकातून मिळवलेले चित्रपटात गेले.

ही दोन वेळापत्रके एकाच घरातली आहेत हे सहसा कोणी सांगत नाही. मराठी रंगभूमीचा ऱ्हास हे प्रकरण आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. कारणे सांगितली, परिणाम सांगितले. आशा भोसले यांचा जन्म सप्टेंबर १९३३ चा, सांगली संस्थानातला. म्हणजे त्या ऱ्हासाच्या ऐन मध्यावर एक बाई सांगलीत बाळंतीण होती. प्रश्नपत्रिकेत हे बसत नाही, एवढेच.

त्या सांगलीच्या घरातील दोन गोष्टी लताबाईंनी मुलाखतींतून अनेकदा सांगितल्या. पहिली सर्वांना पाठ आहे. दीनानाथ आपले शिष्य चंद्रकांत गोखले यांना शिकवीत होते. मध्ये ते बाहेर गेले, शिष्य रियाज करीत राहिला, आणि चारपाच वर्षांची मुलगी त्याची चूक दुरुस्त करू लागली. वडिलांनी दारातून ऐकले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मुलीला उठवून पूरिया धनाश्री सुरू केला. या गोष्टीत माई आहेत, पण एका वाक्यापुरत्या. आपल्याच घरात गवई आहे, हे दीनानाथांनी ज्यांना सांगितले त्या माई. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते आणि आम्हांला अधिक मोलाची वाटते. वडिलांसमोर गाण्याची लताला भीती वाटे. ती स्वयंपाकघरात जाऊन आईपुढे गात बसे, आणि स्वयंपाकात गुंतलेली आई त्रासून तिला तिथून जायला सांगे.

पहिल्या गोष्टीत प्रतिभेचा शोध आहे, गुरुकृपा आहे, पहाट आहे. दुसरीत फोडणीचा धूर आणि कटकट. तरी पहिला श्रोता कोण, हे दुसरीच सांगते. आईने कौतुक केले नाही हे खरे. पाच मुले, पैपाहुणा, बुडता धंदा सांभाळणाऱ्या बाईने चुलीपुढे बसून कौतुक करावे अशी अपेक्षा पुस्तकातल्या आईकडूनच करता येते.

शाळेची गोष्टही याच घरची. लता शाळेत जाताना धाकट्या आशाला कडेवर घेऊन गेली, तान्ह्या मुलीला वर्गात बसू देईनात, म्हणून ती रागावून घरी आली आणि पुन्हा गेली नाही. ही गोष्ट बहिणींच्या प्रेमाची म्हणून सांगतात. तशी ती आहेच. पण जिच्या घरात पाठोपाठच्या तीन मुली आहेत अशा आईचा दिवस त्या गोष्टीत आपोआप दिसतो. मोठी मुलगी धाकटीला कडेवर घेते ते प्रेमाने, आणि आईच्या हाताला उसंत नसते म्हणूनही. पाच वर्षांची मुलगी अशा घरात अर्धी आई होते. हे पुढच्या गोष्टीचे बीज आहे.

येथे एक विषयांतर करतो, पण ते फार दूरचे नाही. सुधामती सांगलीत मुले वाढवीत होत्या त्याच वर्षांत मराठी साहित्यात आईची मूर्ती घडत होती. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली १९३३ साली, पुस्तक निघाले १९३५ साली. आमच्याच मुलखातले, चाफळचे, कवी यशवंत यांची आईवरची कविता तर पाठ्यपुस्तकांतून पिढ्यांच्या तोंडी बसली. ही आई गरीब, सोशिक, कोकणातली किंवा देशावरची, आणि मुख्य म्हणजे मृत असते. तिचे माहात्म्य तिच्या जाण्याने पुरे होते. नाटकातही तेच. देवलांच्या 'शारदे'तली इंदिराकाकू डोळ्यांदेखत मुलीचा विक्रा होताना पाहते आणि तिला काही करता येत नाही. 'एकच प्याला'तली सिंधू दळणाच्या जात्यापाशी सोसत सोसत संपते. सोसणाऱ्या आईसाठी मराठीला शब्द सापडले होते. नवरा गेल्यावर जिवंत राहून पाच मुलांना वाढवणारी, आणि त्यासाठी अवघड निर्णय घेणारी आई मात्र साहित्यात फारशी उभी राहिली नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' याच दशकात येत होती आणि तिथे अशी जिवंत बाई आहे. पण लक्ष्मीबाईंनी लिहिले. माईंनी लिहिले नाही. आपल्याकडे जी लिहीत नाही तिचे चरित्र नसते, तिच्या आठवणी असतात, आणि त्याही दुसऱ्यांच्या चरित्रात.

सांगली सुटली, बिऱ्हाड पुण्याला गेले. २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ पुण्यात वारले. वय एक्केचाळीस. संसार पंधरा वर्षांचा. मोठी मुलगी साडेबारा वर्षांची, मुलगा साडेचार वर्षांचा.

त्याच वर्षी, दीनानाथ जिवंत असताना, 'किती हसाल' या चित्रपटासाठी लताचे एक गाणे ध्वनिमुद्रित झाले होते. मुलीने चित्रपटात गावे हे वडिलांना पसंत नव्हते, आणि ते गाणे चित्रपटातून वगळले गेले. वडील गेले, आणि पुढच्या काही महिन्यांत हीच मुलगी नवयुगच्या 'पहिली मंगळागौर'मध्ये पडद्यावर दिसली. ही तारखांची जुळणी इतकी जवळची आहे की तिच्याकडे पाहून पुढे जाता येत नाही. वडिलांनी बंद केलेले दार मुलीने उघडले, असे चरित्रांतून सुचवलेले असते, किंवा घराण्याचे स्नेही मास्टर विनायक यांनी आधार दिला म्हणून उघडले असे. दोन्ही खरे. पण साडेबारा वर्षांच्या मुलीने कामाला जावे की नाही हे साडेबारा वर्षांची मुलगी ठरवीत नाही. घरात मोठे माणूस एकच उरले होते. नवऱ्याचा शब्द मोडणे म्हणजे काय, हे १९४२ साली विधवा झालेल्या बाईला कोणी समजावून सांगायला नको होते. तिने तो मोडू दिला. सुवासिनींच्या व्रताचे नाव घेतलेल्या चित्रपटातून विधवेच्या घरात पहिला पैसा यावा, हा योगायोग कादंबरीकाराने लिहिला असता तर आम्हीच त्याला कृत्रिम म्हटले असते.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण तो ठाऊक आहे. मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्सबरोबर कोल्हापूर, १९४५ साली मुंबई. मधल्या काळात १९४३ च्या 'माझं बाळ'मध्ये दहा वर्षांच्या आतली आशा गायली. ऑगस्ट १९४७ मध्ये विनायकराव गेले, आणि तो आधारही तुटला. मंगेशी, थाळनेर, इंदूर, सांगली, पुणे, कोल्हापूर, मुंबई. एका बाईच्या हयातीत आणि तिच्या सासूच्या हयातीत या घराने ओलांडलेले मुक्काम मोजले, तर घर हा शब्द कोणत्या गावाला लावावा हा प्रश्न पडतो.

येथे आमच्यातच मतभेद आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आमच्यापैकी एकाला वाटते की माईंना 'त्यागमूर्ती' म्हणणे ही सोय आहे. कष्ट मुलीने केले, बालपण मुलीचे गेले, मग त्यागाचा मान आईला का? या बाजूने बोलायला भक्कम साक्ष आहे. हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका'मध्ये (१९७०) जे सांगितले ते वाचावे. घराला पैसा हवा म्हणून कोवळ्या वयात मुलगी चित्रपटात जाते आणि तिच्या कमाईवर घर चालते, तेव्हा आई आणि मुलगी यांच्यातले नाते कसे कडवट होते, हे त्या पुस्तकात कसलाही आडपडदा न ठेवता आले आहे. तेही घर कलावंतांचे, तोही काळ तोच. ऋत्विक घटकांच्या 'मेघे ढाका तारा'तली (१९६०) आईही आठवावी. पूर्व बंगालातून उखडून आलेले कुटुंब, मिळवती थोरली मुलगी नीता, आणि ती लग्न करून गेली तर चूल कशी पेटणार या धास्तीने मुलीच्या सुखाकडे पाठ फिरवणारी आई. घटकांनी तिला खलनायिका केले नाही. भुकेने आईपणाला काय होते तेवढे दाखवले.

दुसऱ्याचे म्हणणे असे, की याच कसोटीवर माईंचे वेगळेपण दिसते. मिळवत्या मुलीच्या घरात आई दोन प्रकारे वागू शकते. हिशेब ठेवणारी व्यवस्थापक होऊन, किंवा घर हे घरच राहील याची राखणदार होऊन. बहिणींनी सांगितलेल्या आठवणींतून, मीनाताईंच्या 'मोठी तिची सावली' या पुस्तकातूनही, घराची घडी आणि भावंडांचा एकोपा यांचे चित्र उभे राहते. तो एकोपा नुसत्या रक्ताच्या नात्याने टिकत नाही, कोणीतरी तो रोज विणावा लागतो. आम्ही या दोन्ही बाजू लिहून ठेवतो. त्यागाचा हिशेब आई आणि मुलगी यांच्यात वाटून घ्यायचा असेल तर निम्मा निम्मा होत नाही, एवढ्यावर आमचे एकमत झाले.

जगाच्या दुसऱ्या टोकाला अशाच एका आईला एका लेखकाने न्याय दिला, त्याची येथे आठवण होते. दक्षिण इटलीतून न्यूयॉर्कला आलेल्या दरिद्री कुटुंबातला मारिओ पुझो. 'द गॉडफादर' (१९६९) सर्वांनी वाचलेली किंवा पाहिलेली असते. तिच्या चार वर्षे आधीची 'द फॉर्च्युनेट पिल्ग्रिम' फारशी कोणी वाचत नाही. तीत ल्युसिया सांता नावाची आई आहे. परक्या देशात, परक्या भाषेत, वस्तीच्या गर्दीत मुले वाढवणारी, प्रेमळ आणि तितकीच कठोर. लिहायला बसलो तेव्हा नायक मी होणार होतो, पण पाहता पाहता आईने कादंबरी ताब्यात घेतली, अशा अर्थाचे पुझोने पुढे सांगितले. इतकेच नव्हे तर गॉडफादर तोंड उघडतो तेव्हा आपल्याला आपल्या आईचाच आवाज ऐकू येई, असेही त्याने सांगितले. म्हणजे जगाने ज्या आवाजात पुरुषी सत्तेचा कळस ऐकला, तो मुळात एका निरक्षर इटालियन स्थलांतरित बाईचा होता.

पुझोचे वाक्य वाचल्यापासून आम्हांला मंगेशकरांच्या घरातील एका तपशिलाचा मोह सुटत नाही. लता आणि भावंडांना गाणे वडिलांकडून मिळाले, हे निर्विवाद. परंतु लताबाईंनी लहानपणी थाळनेरला आजोळी आईच्या आईकडून गुजराती लोकगीते, पावागढचे गरबे ऐकले आणि शिकले, हीही नोंद आहे. पूरिया धनाश्रीचा धडा सगळ्यांना माहीत आहे. गरब्याचा धडा माहीत नाही, कारण तो धडा म्हणून दिला गेला नव्हता. पुढे या बाईंनी कितीएक भाषांत गायिले आणि प्रत्येक भाषेचे उच्चार तिच्या घरचे वाटावेत असे ठेवले, याचे श्रेय आपण उर्दूच्या शिकवणीला देतो. ते द्यावेच. पण जिच्या कानावर जन्मापासून वडिलांकडची गोव्याची मराठी आणि आईकडची खानदेशी गुजराती पडत होती, तिला एकाच घरात दोन भाषा असतात हे कोणी शिकवावे लागले नसेल. माई स्वतः पूर्ण मराठी झाल्या. सुधामती झाल्या. स्थलांतरित आया आपली भाषा अशाच ठेवतात, चुलीपुढे गुणगुणण्यात, आणि बाहेर नव्या गावची बोलतात.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. १९४९ साली आशाने सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले. दुरावा आला. तो किती खोल होता याच्या कथा चित्रपटाच्या मासिकांनी चवीने पुष्कळ रंगवल्या, त्यांत आम्हांला रस नाही. १९६० साली ती दोन मुलांना घेऊन, तिसऱ्या वेळी गरोदर असताना, परत आली. ती कुठे आली? चरित्रात लिहिलेले असते, माहेरी. वडील जाऊन अठरा वर्षे झाली होती. घर मुंबईचे, मोठ्या बहिणीच्या कमाईवर उभे राहिलेले. तरी शब्द माहेर हाच. मराठीत माहेर हा शब्द आईच्या असण्यावर उभा आहे, घराच्या मालकीवर नाही. ज्या बाईचे स्वतःचे माहेर तापीकाठी राहून गेले होते, ती तेव्हा दुसऱ्यांचे माहेर होऊन बसली होती. दार उघडताना ती काय बोलली असेल हे आम्हांला लिहिता येणार नाही. बहुधा मुलांना आधी आत घेतले असेल.

त्या विद्यार्थिनीला आम्ही पुढे शेवंती आणि सुधामती ही दोन्ही नावे सांगितली. तिने वहीत लिहून घेतली आणि विचारले, यांच्या नावाचे काही आहे का? दीनानाथांच्या नावाचे नाट्यगृह सांगलीत आहे, पार्ल्यात आहे, पणजीच्या कला अकादमीत आहे. पुण्यात २००१ पासून त्यांच्या नावाचे मोठे रुग्णालय आहे. आईच्या नावाचेही एक रुग्णालय पुण्याजवळ वारज्याला आहे. त्याच्या पाटीवर लिहिले आहे, माई मंगेशकर.